सगळ्यात अशक्त माणूस बोलवा

गुरलिंगआप्पा कुणाच्याबी घरी गेले की पहिला सवाल एकच असायचा. दार कुठंय, हा न्हाई. काय बिघडलंय, हाबी न्हाई. चपला बाहेर काढायच्या, "शरणु" म्हणून हात जोडायचे, भस्माच्या पट्ट्या सोडून बाकीच्या कपाळावरचा घाम पुसायचा आणि विचारायचं, "घरात सगळ्यात अशक्त माणूस कोण हाय?"

आता तुम्हीच सांगा, गाडी ठेवायच्या जागेचं शटर दुरुस्त करायला आलेल्या माणसानं असं विचारल्यावर घरच्यांनी काय समजावं. नांदेडात एका बाईनं आत जाऊन सासूच्या गोळ्यांची पिशवीच आणून दिली. तिला वाटलं दवाखान्याचे लोक यादी करून राहिले.

आप्पांचं म्हणणं सरळ होतं. दार नीट झालं का न्हाई, ते मिस्त्रीनं ठरवायचं न्हाई. मिस्त्रीच्या दंडात जोर असतो, तो सडकं शटरबी वर करून दाखवतो. घरात ज्याच्या अंगात सगळ्यात कमी ताकद, त्यानं यावं. एका हातानं शटर कमरेपर्यंत उचलावं आणि हात सोडावा. शटर तिथंच उभं राहिलं, खाली आलं न्हाई, वर पळालं न्हाई, तर काम झालं. तवर आप्पा सामान आवरत नसत.

मी तेव्हा नांदेडला शटरच्या एका दुकानात फोन उचलायला होतो. माझं शिक्षण शिरूर अनंतपाळचं. शाळेत मी एकच गोष्ट मन लावून शिकलो, एकेका सरांचा आवाज. ते दुकानात कामाला आलं. गिऱ्हाईक चिडलं की मी जाड आवाजात मॅनेजर व्हायचो, मॅनेजर कामात असला की बारीक आवाजात त्याची मॅडम व्हायचो. दुकानात मॅनेजर नव्हता आणि मॅडमबी नव्हती. सेठ होते, मी होतो, आणि गावोगाव दुरुस्तीला पाठवायला उदगीरचे गुरलिंगआप्पा होते.

आप्पा साठीचे. उंच, वाळलेले, शेवग्याच्या शेंगेसारखे. ग्रीसमध्ये हात घालणारा माणूस पांढरा शर्ट घालतो हे मी त्यांच्याशिवाय कुठं बघितलं न्हाई. आणि तो शर्ट संध्याकाळीबी पांढराच. कधी डाग पडला तर अर्धा दिवस स्वतःवर नाराज. "डाग पडला म्हंजे कुठंतरी गडबडीत हात घातला." सामान खताच्या पोत्याच्या शिवलेल्या पिशवीत, स्प्रिंग खांद्यावर, आणि प्रवास एस्टीनं. कंडक्टर म्हणायचा, स्प्रिंगचं तिकीट काढा. आप्पा म्हणायचे, "मांडीवर घेतो. लेकराचं कुठं तिकीट असतंय."

माणसांशी ते मराठी बोलायचे आणि स्प्रिंगशी कन्नड. शिडीवर चढून स्प्रिंगला पीळ देताना हळूच म्हणायचे, "बा तायी, बा." ये माय, ये. एका घरमालकानं विचारलं, मराठीत बोलाना तिच्याशी. आप्पा खाली न बघता म्हणाले, "तिला कळत न्हाई."

मी त्यांची नक्कल करतो हे त्यांना कळलं तेव्हा ते दुकानात येऊन समोर बसले. "काढ म्हणं माझा आवाज." मी काढला. शरणु, अशक्त माणूस, बा तायी, सगळं. सेठ हसून बेजार. आप्पांनी मात्र दार तपासावं तसं मान तिरपी करून ऐकलं आणि म्हणाले, "घाई हाय तुझ्या बोलण्यात. मी येवढा घाईत नसतो." झालं. पास बी न्हाई, नापास बी न्हाई.

त्यांच्याबरोबर मापं लिहून घ्यायला मी कैकदा गेलो. धर्माबादला एका मिरचीच्या व्यापाऱ्याचा बंगला होता. तीन मजले, फाटकावर सिमेंटचे सिंह, आणि गाडीच्या जागेत मिरचीची पोती. गाडी बिचारी बाहेर लिंबाखाली. शटर अडलं होतं. नोकरानं वर्षभर गाईडमध्ये, म्हणजे शटर ज्या खाचेतून वर-खाली जातं तिच्यात, ग्रीस ओतलं होतं आणि त्यावर मिरचीची धूळ बसत गेली होती. आप्पांनी बोट घातलं तर लालभडक चटणी निघाली. मग शिंका. अकरा शिंका, आणि दर शिंकेनंतर "शिव शिव." व्यापारी म्हणाला, "आप्पा, अजून थोडं ग्रीस टाका, मऊ होईल." आप्पा डोळे पुसत म्हणाले, "अजून टाकलं तर दाराला भाकरी लावून खावं लागंल." गाईड खरवडून कोरडं केलं आणि आतून मेणबत्ती घासली. बस.

परतताना एस्टीत त्यांनी मला एकदाच सगळी शाळा शिकवली. नांदेडला नदीकडची ओल, खालची पट्टी आधी गंजती, तिथं तेल पाजायचं. लातूरला लोक बोरच्या खाऱ्या पाण्यानं दार धुतात, तिथं आधी ते धुणं बंद करायचं. माहूरला डोंगरावरचा वारा, पट्ट्या डमरूसारख्या वाजतात, तिथं गाईड खोल पाहिजे. आणि ऐन मे महिन्यात, पश्चिमेला तोंड असलेलं दार असंल तर दुपारी दोनला तपासायचं. पत्रा तापून फुगतो, तेव्हाच खोड कळती. सकाळी गारव्यात दार तपासणाऱ्याला आप्पा मिस्त्री म्हणत नसत. पाहुणा म्हणत.

नांदेडातले एक रिटायर हेडमास्तर मला हमेशा आठवतात. आप्पांनी आपला सवाल टाकला. मास्तरीणबाई कणीक मळत होत्या. त्यांनी वर न बघता कोपरानं नवऱ्याकडं दाखवलं. "हे."

मास्तर उठूनच बसले. "मी? मी रोज चार किलोमीटर चालतो."

"चालता हो. लोणच्याच्या बरणीचं झाकण कोण उघडतंय?"

मास्तर तडक शटरपाशी गेले आणि दोन हात लावले. आप्पा म्हणाले, "एकच, सर." एका हातानं शटर गुडघ्यापर्यंत आलं आणि थांबलं. मास्तरांचं तोंड लाल. आप्पा शिडीवर चढले, स्प्रिंगला दोन पीळ दिले, खाली आले. पुन्हा मास्तर. आता शटर कमरेपर्यंत आलं ते थेट वर पळालं. आप्पा पुन्हा चढले, अर्धा पीळ सोडला. तिसऱ्या खेपेला मास्तरांनी उचललं, सोडलं, आणि शटर हवेत जिथल्या तिथं उभं. मास्तरांनी सगळी गल्ली गोळा केली. "बघा, एक हात." आठ दिवसांनी त्यांचा दुकानात फोन आला, तकरार नव्हती. म्हणाले, "त्या मिस्त्रीला सांगा, झाकणबी उघडलं."

हे अशक्त माणसाचं खूळ कुठून आलं, हे मी आप्पांना चारदा विचारलं. एकदा सांगितलं, तरणेपणी स्प्रिंगला जास्त पीळ दिला तर शटरवर बसलेलं मांजर वर गुंडाळलं जाता जाता वाचलं. दुसऱ्यांदा सांगितलं, मठातल्या स्वामींनी सांगितलंय. तिसऱ्यांदा सासूवर ढकललं. चौथ्यांदा म्हणाले, "ताकदवाल्याला दार कशाला लागतंय, तो भिंतीवरून जाईल." मला तरी हेच खरं वाटलं.

मग लातूरची अठरा घरं आली.

एका बिल्डरनं शहराबाहेर एका रांगेत अठरा घरं बांधली. दारं आमच्या दुकानाची, रिमोटची. बटण दाबलं की गुर्र करत वर. प्लॉट अरुंद होते, त्यामुळं घराला समोर एकच तोंड, तेबी गाडीचं. माणसांचा दरवाजा त्या शटरच्या आत. मागं भिंत. बिल्डरनं घरं घेणाऱ्यांच्या बैठकीत सांगून ठेवलं होतं, दारं उदगीरच्या गुरलिंगआप्पांनी तपासलेली असतील. लातुरात तेवढं नाव होतं त्यांचं. आता त्यांची सही पाहिजे होती.

आम्ही गेलो, दुपारी दोनला. बिल्डरचा मॅनेजर डोक्यावर गॉगल चढवून उभा होता. आप्पांनी विचारलं, अशक्त माणूस कोण. अजून कुणी राहायला आलेलं नव्हतं. वॉचमन म्हणाला, माझी आई हाय. मुक्ताआजी पदर खोचत आली. आप्पांनी मेन स्विच पाडला.

"लाईट गेली समजा. उचल माय."

आजीनं हात लावला. दार हाललं न्हाई. आप्पांनी लावला. तरीबी न्हाई. असल्या दाराला आतून हातानं ओढायची साखळी असते, लाईट गेली की तिनं दार वर घ्यायचं. ती साखळी एकाबी दाराला नव्हती. आमच्या सेठनीच बिगर साखळीचा माल दिला होता. स्वस्तात पडतो म्हणून.

मॅनेजर म्हणाला, "इन्व्हर्टर देणार आहोत आम्ही."

"इन्व्हर्टर जळाला समजा."

"आप्पा, आजी काय गाडी काढणारैत का?"

"गाडी न काढू दे. सवताला तर काढंल." आप्पांनी सहीचा कागद परत दिला. "हे घर न्हाई, डबा हाय. झाकण लाईटीच्या हातात."

नांदेडला आल्यावर सेठ समजावून थकले. "आप्पा, साखळी मागून बसवू."

"मग सहीबी मागून."

आप्पा उदगीरला निघून गेले. सेठनी माझ्याकडं बघितलं. पुढच्या आठवड्यात चाव्या द्यायच्या होत्या. ते म्हणाले, "तू काढतोस ना त्यांचा आवाज? घरवाल्यांच्या ग्रुपवर टाकायला दोन ओळी बोल." गंमत म्हणून केलं असं मी पुष्कळांना सांगितलंय. गंमत नव्हती. नोकरी जाईल ही भीती होती. मी बोललो, "शरणु. गुरलिंगआप्पा बोलतो. अठराच्या अठरा दारं मी तपासली. बिनघोर राहायला या." ग्रुपवर घराघरातून हात जोडलेली चित्रं आली.

त्यात दवाखान्यातल्या एक रिटायर सिस्टर होत्या. त्यांच्या नवऱ्याला अर्धांग. त्यांनी आप्पांना फोन करून आभार मानले. तुम्ही सांगितलं म्हणून निश्चिंत झाले, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीनं आप्पा दुकानात. सेठ आतल्या खोलीत गेले ते आलेच न्हाईत. आप्पा माझ्यासमोर बसले. "लाव."

मी लावलं. त्यांनी दोनदा ऐकलं. मान तिरपी करून, तसंच.

"घाई न्हाई आता. सुधारलास."

थप्पड परवडली असती. मी म्हणालो, आप्पा, मी लगेच ग्रुपवर दुसरं टाकतो, तो मी होतो म्हणून. ते म्हणाले, "आवाज घे तू माझा, ना न्हाई. पण मी जे म्हटलंच न्हाई ते त्यात घालू नको. आणि आता काय टाकू बी नको. आता आवाजावर कोण भरोसा ठेवंल. मलाच जावं लागतंय."

चाव्यांच्या दिवशी मांडव होता. झेंडूच्या माळा, चाव्यांचे अठरा जुडगे वाटून झालेले, टेबलावर जिलबी. लोक जेवून पानं खात होते. दोन वाजले आणि आप्पा मांडवात शिरले. पांढरा शर्ट, खांद्यावर आज स्प्रिंग न्हाई, रिकामे हात. मी मागून. मॅनेजर आडवा आला, "आप्पा, जेवून घ्या आधी."

आप्पा त्याच्या बाजूनं पुढं गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शरणु. तुमच्या तुमच्या घरातलं सगळ्यात अशक्त माणूस बोलवा. रिमोट खिशात ठेवा."

आधी लोक हसले. मग घराघरात कुजबुज. सहा नंबरात दोन म्हातारे भाऊ, दोघंबी म्हणे मी ठणठणीत, हाच अशक्त. नऊ नंबरातून सातव्या महिन्याची सून आली. अकरा नंबरातून एक पैलवानासारखा गडी आला, सगळे बघायला लागले, तर त्याची बायको म्हणाली, "कंबर गेलीय त्यांची, दिसतेत तेवढंच." बारा नंबरातून हाताला प्लास्टर घातलेला पोरगा. आणि तीन नंबरातून सिस्टरच्या खांद्यावर हात टाकून त्यांचा नवरा, एक पाय ओढत.

एक जण म्हणाला, "पण आप्पा, तुमचा निरोप आला होता की. दारं पास म्हणून."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं न्हाई. "आवाज माझ्यासारखा होता. मी आज आलोय."

मी हात वर केला. म्हणालो, तो मी होतो. आजवर माझी एकच नक्कल पडली, ती तिथं. कुणीच हसलं न्हाई.

मॅनेजर म्हणाला, "हातानं उचलायची सिस्टीम नाहीये ही."

"मग जी हाय ती बघू द्या त्यांना," आप्पा म्हणाले. "लावा हात."

अठरा दारांना अठरा घरची माणसं लागली. पत्रा तापलेला, कुणी पदर मधे धरला, कुणी टॉवेल. सहा नंबरच्या दोघा भावांनी शेवटी मिळून लावला. एकबी दार बोटभर हाललं न्हाई. बाकीचे सोडून मागं झाले, सिस्टरच्या नवऱ्यानं मात्र सोडलं न्हाई. चांगला हात दाराला, दुसरा लोंबकळणारा. सिस्टरनी शेवटी त्याचा हात धरून बाजूला घेतला. त्या टेबलापाशी आल्या आणि आपला जुडगा झेंडूच्या माळेवर ठेवून दिला. मग नऊ नंबर आला. मग बारा. जुडगे पडायचा आवाज किती वेळ चालला सांगता येत न्हाई. मोजायचं कुणाला सुचलं न्हाई.

मॅनेजरनं आप्पांना मांडवाच्या कडेला गाठलं. "लातूर जिल्ह्यात तुम्हाला आता काम लागणार नाही. मी बघतो."

आप्पा चप्पल घालत होते. "घरी आई असंल तुमच्या. दार अडलं तर तिला माझा नंबर द्या. मी येतो."

साखळ्या बसल्या. लोकांनी चाव्याच परत केल्या, मग काय करतात. दोन महिन्यांत अठरा दारांना आमच्या दुकानानं साखळ्या दिल्या, बसवायला मिस्त्री दुसरीकडून आणला. मॅनेजरनंबी शब्द पाळला. आप्पांसाठी लातूरहून एक फोन आला न्हाई. नांदेडहून सेठनी मला करू दिला न्हाई. मला मात्र काढलं न्हाई, फोन कोण उचलणार.

दिवाळीनंतर त्याच बिल्डरची नवी घरं निघाली. चाळीस. आणि घरं बघायला येणारा जो तो विचारायला लागला, गुरलिंगआप्पा येऊन गेले का. सेठनी मला एक कागद दिला, टाईप केलेला. उदगीरला जा, आप्पांची सही आण, मग सगळं पहिल्यासारखं, चाळीसबी त्यांचीच. कागदावर लिहिलं होतं की सदर अठरा दारं मुळातच निर्दोष होती, माझा गैरसमज झाला, बिल्डरांच्या झालेल्या बदनामीबद्दल मी दिलगीर आहे.

आप्पा उदगीरच्या एका गल्लीत कामावर सापडले. छोटं पत्र्याचं घर, पुढं रिक्षा उभी करायची जागा, तिला जुनं, ठिकठिकाणी जोड मारलेलं शटर. आप्पा स्टुलावर उभे होते, हातात टेप. शर्टाची कॉलर विरलेली, पण पांढरी. मी कागद दिला. त्यांनी उजेडाकडं धरून सगळा वाचला. शेवटची ओळ दोनदा वाचली. मी खिशातून पेन काढलं.

"आण."

पेन घेतलं. कागद उलटा केला. पाठीमागची कोरी बाजू स्टुलावर ठेवून दाबली, टेप शटरला लावला आणि लिहिलं. रुंदी सात फूट दोन इंच. उंची सहा फूट नऊ. खाली लिहिलं, खालची पट्टी नवी.

"कागद जाड हाय," म्हणाले. "सेठला सांग, चांगला हाय."

"आप्पा, चाळीस घरं हायेत."

"साखळी हाय का त्यांना?"

"आता हाय."

"मग माझी सही कशाला पाहिजे." पेन मला परत दिलं. कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. "बाजूला सरक, आतून बघायचंय."

ते आत गेले आणि त्यांनी शटर खाली ओढलं. आधी भस्माच्या पट्ट्या गेल्या, मग खिशातून वर आलेलं कागदाचं टोक, मग टेप धरलेला हात. शेवटी नुसते पाय दिसत होते, लांब, अनवाणी, फरशीवर घट्ट रोवलेले. मग तेबी न्हाईत. आतून स्प्रिंगवर हलकेच ठोकल्याचा आवाज येत राहिला.